पिवळ्या गाडीतल्या काळ्या टिकल्या

१

वर्कशॉप मॅनेजर महेश सरांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक रिलेच्या झाकणात घातलं आणि मनगटाला हलका झटका दिला. काळं प्लॅस्टिकचं झाकण टक्कन निघालं आणि घरंगळत हर्षालीच्या वहीपाशी येऊन थांबलं. सगळे आत डोकावले.

"बघा," गाडीचा मालक भारत म्हणाला. "बघून घ्या, काय 'नवीन' बसवलंय ते."

काडेपेटीपेक्षाही लहान वस्तू ती. गाडीची चावी फिरवली की रिलेच्या पोटातल्या दोन बारीक टिकल्या एकमेकींना टेकतात आणि त्यांच्यातून वीज जाऊन पेट्रोलचा पंप सुरू होतो. टिकल्या चांदीच्या असतात, चकचकीत असतात. या काळ्याकुट्ट होत्या, दहा-पंधरा वर्षं वापरून जळाल्यासारख्या. आणि हा रिले बावीस दिवसांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, नवाकोरा म्हणून बसवला होता.

२००६ साल होतं. मुंबई-आग्रा रोडवरच्या या शोरूमने ऑगस्टमध्ये भारतला ती गाडी विकली होती, मुंबईच्या एका डॉक्टरने पाच वर्षं वापरलेली. दोनच सीटांची, कापडी टप मागे दुमडणारी, हळदीसारखी पिवळी. कंपनीने अशा मोजक्याच बनवल्या होत्या, आणि नाशकात त्यांना हात लावण्याची परवानगी याच वर्कशॉपला होती. डॉक्टरांकडे ती कधी बंद पडली नव्हती. भारतच्या शेडमध्ये मात्र ती तीनदा मुकी झाली. पहिल्यांदा जुना रिले गेला, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा सगळे म्हणाले, एखादा पीस खराब निघतो. तिसऱ्यांदा भारतने रिले उपटून खिशात घातला, मोटरसायकलला किक मारली आणि तो थेट महेश सरांच्या टेबलावर आणून आपटला.

महेश सरांनी भंगाराच्या डब्यातून मागच्या वेळी काढलेला रिलेही शोधून उघडला. तोही आतून तसाच.

"वाल्मीक," ते हळूच म्हणाले, "दोन्ही तुम्हीच बसवलेत."

वाल्मीक दाराशी हात पुसत उभा होता. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात वडिलांच्या हाताखाली शिकलेला आणि बावीस वर्षं या धंद्यात मुरलेला माणूस. "मीच बसवले साहेब. खोक्यातून काढून, नवे. खालच्या बाजूला बघा, खिळ्यानं दोन रेघा मारलेल्या दिसतील. माझी खूण हाय ती."

"खूण काय, जुन्यावर पण मारता येते," भारत म्हणाला. "नवा माल बाहेर विकायचा अन् गिऱ्हाइकाच्या गाडीत भंगार घालायचं. ऐकून होतो, आज डोळ्यानं बघितलं."

वाल्मीकच्या हातातलं फडकं थांबलं. तो भांडला नाही. हर्षालीला वाटलं, त्याने भांडायला हवं होतं.

"शनिवारी पुण्याहून कंपनीचे साहेब येतायत," महेश सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त जड वाटलं. "तोपर्यंत तुम्ही घरी थांबा वाल्मीक. मला दुसरं काही समजलं नाही, तर शनिवारी तुमच्या राजीनाम्यावर सही घ्यावी लागेल."

सगळे गेले. वॉरंटीच्या टेबलावर बसणारी हर्षाली तेवढी राहिली. तेवीस वर्षांची, रसायनशास्त्रात बी.एस्सी., नोकरीला आठ महिने झालेले. तिने भिंग काढून उघडा रिले डोळ्याजवळ धरला.

आत तीन टिकल्या होत्या. मधली हलते, चावी फिरवली की वरच्या टिकलीला टेकते, एरवी खालच्या टिकलीवर पडून असते. या गाडीत खालच्या टिकलीला वायरच जोडलेली नसते. तिच्यातून वीज कधी जातच नाही.

तीसुद्धा काळी होती.

२

"त्यात काय?" महेश सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "दुसऱ्या गाडीतून काढलेला असेल. त्या गाडीत तिसरी टिकली वापरात असेल."

हर्षालीला हे आधी सुचलं नव्हतं, आणि त्यामुळे ती थोडी ओशाळली. पण तिने भिंग पुढे केलं. "सर, जळालेल्या टिकलीवर खड्डे पडतात. ठिणगीचे. या गुळगुळीत आहेत. वरून काजळ लावल्यासारख्या."

"साहेबांना काजळ सांगणार का?" महेश सर म्हणाले, पण तिच्याकडे बघून नरमले. "शनिवारपर्यंत बघ. मलासुद्धा त्या माणसाला काढायचं नाहीये. पण भारतशेट कोर्टाची भाषा बोलतोय. मला कारण लागेल हर्षाली, अंदाज नको."

स्पेअर पार्टच्या खिडकीत यादव बसला होता. बाहेर विकलं जाऊ शकेल असं जे काही होतं ते आधी त्याच्या हातातून जायचं.

"आता माझा नंबर का?" तो चष्म्यावरून म्हणाला. "या मॅडम, झडती घ्या."

"झडती नाही यादवभाऊ. त्याच खोक्यातला एक नवीन रिले उघडून बघायचाय."

"उघडला की वाया गेला. कुणाच्या नावावर टाकू?"

"माझ्या."

त्याने कुरकुरत सीलबंद खोकं फोडलं. रिलेच्या तिन्ही टिकल्या पाण्याच्या थेंबासारख्या चमकत होत्या.

"झालं समाधान? माझा माल स्वच्छ आहे," यादव म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. "आता तुम्ही म्हणाल, मग वाल्मीकनेच केलं. ऐका. माझं अन् त्याचं दोन वर्षं बोलणं नाही. माझ्या चहाच्या वेळेवरून त्याने वर तक्रार केली होती. पण चोरी? तो माणूस बोटाला उरलेलं ग्रीससुद्धा डब्यात परत पुसतो. मी म्हणालो असं त्याला सांगू नका."

हर्षालीने गाडीची सगळी जॉब कार्डं काढली. पहिलं ऑगस्टच्या शेवटचं, साध्या सर्व्हिसिंगचं, तिच्याच अक्षरातलं: 'दोन्ही सीटांच्या चामड्यावर पांढरी बुरशी. ग्राहकास कळवले.' दुसरं सप्टेंबरअखेरचं, गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हाचं: 'सीट स्वच्छ.' त्यापुढचं, दिवाळीनंतरचंही तसंच.

मधल्या महिन्यात बुरशी कोणी घालवली? वर्कशॉपच्या नोंदीत ते काम कुठेच नव्हतं.

संध्याकाळी ती वाल्मीकच्या घरी गेली. तो ओट्यावर नुसताच बसला होता. समोरून जाणारा एकजण "आज सुट्टी का वाल्मीकभाऊ?" म्हणाला आणि वाल्मीकने मान हलवली, धड हो नाही, धड नाही नाही.

"काका, त्या गाडीच्या सीटा तुम्ही पुसल्या होत्या?"

"न्हाई बाई. मला वाटलं, भारतशेटनं पुसल्या."

"आणि टप? गाडी आली की टप कसा असायचा?"

वाल्मीक थोडा आठवत राहिला. "दुमडलेला. अन् सुतळीनं बांधलेला. लय नीट बांधलेला असायचा. मी दर वेळी सोडायचो अन् मनात म्हणायचो, ही गाठ गॅरेजवाल्याची न्हाई."

३

मखमलाबादच्या पुढे भारतची गुलाबाची तीन पॉलिहाऊस होती. बुधवारी दुपारी हर्षाली स्कूटर लावून आत गेली तेव्हा तो फुलं मोजून घेत होता. तिला पाहून त्याचा चेहरा कडक झाला, तरी त्याने खुर्ची पुढे सरकवलीच.

"तडजोड करायला आल्या असाल तर नको, ताई."

"नाही. मला फक्त गाडी बघायचीय."

या वाक्याने तो विरघळला. ज्याला गाडीचं वेड आहे त्याच्याकडे हेच म्हणावं लागतं. जुन्या पॅकिंग शेडला त्याने पत्र्याचं दार बसवून घेतलं होतं. आत ती पिवळी गाडी उभी होती, टप मागे दुमडून सुतळीने बांधलेला. शेडच्या मधल्या वाशाला तारेचा एक रिकामा हूक लोंबत होता आणि भिंतीवर प्लग.

"ही सुतळी तुम्ही बांधता?"

"मी? नाही. तुमच्याच लोकांनी बांधली असेल, तो टप ढिला आहे म्हणून." त्याने गाडीचं दार उघडलं. डॅशबोर्डवर बोटाच्या पेराएवढा गणपती चिकटवलेला होता, काळसर. भारत कडवट हसला. "हा बघा. चांदीचा म्हणून घेतला. महिन्यात काळा. सराफाकडून बदलून घेतला, हाही काळा. सराफ बाजारात उभं राहून त्याला चारचौघांत बोललो मी. या गाडीपायी सगळ्यांनी मिळून मला लुटायचं ठरवलंय."

हर्षाली गणपतीकडे बघत राहिली. एकाच गाडीत दोन वेगवेगळ्या माणसांनी फसवावं, आणि दोघांनीही चांदीतच फसवावं?

"घरात कुणाला गाडी आवडत नाही का?"

भारतने दाराकडे पाहिलं. "बाबांना. पहिल्या दिवशी अख्ख्या गल्लीसमोर म्हणाले, दोन माणसं बसतात अन् फुलांचं एक क्रेट मावत नाय, असली गाडी मी शिवणार बी नाय. तेव्हापासून इकडे फिरकलेही नाहीत. पण ताई, बाबा असलं काही करणार नाहीत. ते वाईट वाटलं तर तोंडावर बोलतात."

बाहेर भारतचे वडील पुंजाराम ओट्यावर फुलांच्या जुड्या कागदात गुंडाळत होते. साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस. शेजारी त्यांची बायको नवसाबाई पानं खुडत होत्या.

"गाडी बघायला आल्या का?" पुंजाराम मान वर न करता म्हणाले. "बघा बघा. पावसात बसायचं असंल तर लय चांगली हाय."

"अहो, पाहुणीला तरी सोडा," नवसाबाई म्हणाल्या.

हर्षाली हसली. पुंजारामांच्या बोटांकडे तिचं लक्ष होतं. सुतळीचा वेढा, दुसरा वेढा, टोक आतून ओढून चपटी गाठ. एका झटक्यात सुटेल अशी.

भारतने तिला पॉलिहाऊस दाखवलं. आत दमट ऊब होती. वरच्या पाइपांना रांगेने तारेचे हूक होते आणि त्यांना वाटीएवढे विजेचे डबे टांगलेले. "गंधकाचे," भारत म्हणाला. "पानांवर भुरी पडते ना, पांढरी पावडर मारल्यासारखी, तिच्यावर उपाय. संध्याकाळी लावले की गंधकाची वाफ रात्रभर पसरते. ते काम बाबांकडे. मी त्या वेळी माल घेऊन मुंबईच्या ट्रकवर असतो. इथले स्विच तेवढे टिकत नाहीत बघा, व्होल्टेज फार खराब."

हर्षालीला मोजायची सवय होती. जिना चढतानाही ती पायऱ्या मोजायची. तिने हूक मोजले. सोळा. डबे मोजले. पंधरा.

तिने पुन्हा मोजले. पंधराच.

निघताना तिने उजव्या पायातलं पैंजण काढून भारतच्या हातात दिलं. "हे गाडीच्या सीटमागे ठेवा. शुक्रवारपर्यंत हलवू नका. आणि घरात कुणाला सांगू नका."

"हा काय प्रकार?"

"माझी खूण," हर्षाली म्हणाली.

४

दोन दिवस ती एकाच पैंजणाने वावरली. "कोंबडी आहेस का, एका पायात वाळा घालून फिरायला?" आई म्हणाली. हर्षालीने उत्तर दिलं नाही. तिचा तर्क बरोबर असेल तर एक माणूस सुटणार होता, पण दुसऱ्या एका माणसाचं काहीतरी उघडं पडणार होतं. आणि तो दुसरा माणूस तिला मुळीच वाईट वाटला नव्हता.

शुक्रवारी दुपारी भारतने सीटमागून पैंजण काढलं आणि तो बघतच राहिला. तिने पायातलं काढून शेजारी धरलं. एक पांढरंशुभ्र. दुसरं पिवळट तपकिरी, घुंगरांच्या फटींतून काळं.

"तुमचीही चांदी खोटी?" तो पुटपुटला.

"दोन्ही एकाच जोडीतली आहेत भारतभाऊ. माझ्या आजीची. रिले खोटा नव्हता, गणपती खोटा नव्हता. जरा थांबा इथे, मी येते."

पुंजाराम पॉलिहाऊसच्या दाराशी डब्यांत गंधकाच्या पिवळ्या कण्या भरत होते. हर्षाली त्यांच्याजवळ उकिडवी बसली.

"बाबा, सोळावा डबा रोज कुठे लावता?"

त्यांचा हात थांबला. थोड्या कण्या जमिनीवर सांडल्या. त्या एकेक वेचून त्यांनी डब्यात टाकल्या आणि मगच वर पाहिलं.

"त्याला सांगितलं का?"

"अजून नाही."

"श्रावणात पोरगं मालाबरोबर गेलं होतं," ते म्हणाले, "तवा म्या आत डोकावलो. म्हटलं, बघावं तरी काय हाय. तर त्या गाद्यांवर भुरी! पांढरी फक, कळीवर पडती तशी. म्हटलं, ही पसरली तर गाडी खाईल. पोराला सांगावं, तर तोंडानं काय सांगू? अख्ख्या गल्लीपुढं म्हटलं होतं, शिवणार नाय म्हणून. मंग एक डबा तिकडं नेला. टप उघडला, म्हंजी वाफ आत जाईल. पंध्रा दिवसांत भुरी साफ. पण भुरीचा काय नेम नसतो पोरी, परत येती. म्हून रोजच लावतो. पहाटे काढून पोत्याखाली ठेवतो."

"रोज?"

"रोज. अकरा वर्सं तो या फुलांमागं राबतोय. स्वतःसाठी त्यानं ही एकच गोष्ट घेतली. ती किडू द्यायची का?"

हर्षाली म्हणाली, "बाबा, त्या वाफेने चांदी काळी पडते. आणि गाडीच्या पोटात चांदी असते. गाडी त्यानेच बंद पडते. आणि त्यापायी एका माणसाला उद्या चोर ठरवून काढणार आहेत."

पुंजारामांनी डबा खाली ठेवला.

"माज्यामुळं?" ते म्हणाले.

५

शनिवारी कंपनीचे साहेब आले. महेश सरांच्या टेबलावर हर्षालीने ओळीने वस्तू मांडल्या: काळे पडलेले दोन रिले, यादवकडचा नवा रिले, तिच्या सांगण्यावरून भारतने आणलेला गणपती, दोन पैंजणं. वाल्मीक धुतलेला शर्ट घालून भिंतीशी उभा होता. खिशात दुमडलेला कागद होता. राजीनामा त्याने स्वतःच लिहून आणला होता.

"सर, मी दोन प्रश्नांपासून सुरुवात केली," हर्षाली म्हणाली. "पहिला, जिच्यातून वीज जात नाही ती टिकली काळी कशी? तर ती विजेने काळी झालीच नाही, हवेने झाली. रिलेच्या झाकणाला बारीक भोक असतं. चांदी आणि गंधक एकत्र आले की वर काळा थर बसतो, आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. तेच गणपतीचं झालं, तेच माझ्या पैंजणाचं. दोन रात्रींत.

"दुसरा प्रश्न, डॉक्टरांकडे पाच वर्षं जे झालं नाही, ते इथे तीन-चार आठवड्यांत का होतं? तर ज्या महिन्यात सीटांवरची बुरशी गेली, त्याच महिन्यात पहिला रिले गेला. कुणीतरी गाडीवर उपचार करत होतं. टप उघडून, नीट बांधून, वाशाच्या हुकाला गंधकाचा डबा लावून. जसं फुलझाडावर करतात तसं."

"कुणी?" साहेबांनी विचारलं.

हर्षाली थांबली. ते नाव आपण घ्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ते घ्यायची गरजही पडली नाही. दारातून आवाज आला, "म्या."

पुंजाराम उभे होते, डोक्यावर टोपी, हातात कागदात गुंडाळलेली गुलाबांची जुडी. भारत खुर्चीतून उठला. "बाबा? तुम्ही? तुम्ही तर गाडीकडे बघतसुद्धा नव्हता."

"दिवसा नव्हतो बघत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आदल्या दिवशी सांगितलं होतं तितकंच सरळ. भारत आधी हसल्यासारखा झाला, मग त्याने तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. "मला एकदा सांगायचं ना," तो एवढंच म्हणाला.

"तू आइकलं असतंस?"

"नसतं."

पुंजाराम वाल्मीकसमोर गेले. त्यांनी जुडी पुढे केली. "भाऊ, माजी चूक अन् बोल तुमाला. माफी कशी मागत्यात मला येत नाय."

वाल्मीकने जुडी घेतली. ती कुठे धरावी हे त्याला कळेना, म्हणून त्याने ती छातीशी धरली. "बाबा, गाडीला तुम्ही जेवढं जपलं तेवढं गिऱ्हाइक जपत न्हाई," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण टप उघडा ठेवून जपू नका."

पहिला हसला तो यादव. तो दाराआडून ऐकत होता हे त्यामुळे सगळ्यांना कळलं.

भारत वाल्मीककडे आला. त्याने वाल्मीकचा हात दोन्ही हातांत धरला. "आता सराफाकडे जायचंय," तो नंतर म्हणाला. "त्यालाही चारचौघांतच बोललो होतो. माफीही तशीच मागायला हवी."

"म्या बी येतो," पुंजाराम म्हणाले. "दोन सीटा हायेत ना?"

सगळे पांगल्यावर हर्षालीने वॉरंटीचा फॉर्म भरायला घेतला. 'बिघाडाचे कारण' या ओळीपुढे तीनच पर्याय छापलेले होते: सदोष भाग, सदोष काम, ग्राहकाचा निष्काळजीपणा. तिन्हींतला एकही खरा नव्हता. तिने तिन्हींवर काट मारली आणि मोकळ्या जागेत लिहिलं: 'गाडीवर भुरी आल्याने घरच्यांनी गंधकाचा उपचार केला. त्याने रिले काळे पडले. बसवलेले भाग नवे होते. कामगार वाल्मीक यांची चूक नाही.'

महेश सरांनी वाचलं, कपाळाला आठी घातली, सही केली. साहेबांनीही केली.

वाल्मीक टेबलाशी येऊन उभा राहिला. गुलाब अजून त्याच्या काखेत होते. फॉर्म हातात घेऊन त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत ती वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"बाई," तो म्हणाला, "याची एक झेरॉक्स मिळंल का? पाच दिवस घरी होतो. गल्लीत सगळ्यांनी इचारलं."

हर्षालीने दोन काढल्या.